जिथे खलनायकच नाही : 'अल्टिमा ४' खेळताना

काल्पनिक राज्यांतल्या साहसांचे संगणक-खेळ बहुधा एकाच ठेक्यात चालतात. राज्यावर संकट आलेलं असतं, दूरच्या किल्ल्यात कुणी दुष्ट जादूगार बसलेला असतो आणि खेळणारा असतो एक नवखा योद्धा. तो राक्षस मारतो, सोनं साठवतो, आधीपेक्षा धारदार तलवार विकत घेतो आणि अंगात पुरेसं बळ आलं की जादूगाराला गाठून संपवतो. १९८५ साली अमेरिकेत 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार' हा खेळ आला, तेव्हा त्यातून हा जादूगारच गायब होता. राज्यात शांतता नांदत होती, राजा गादीवर निर्धास्त होता. खेळणाऱ्यापुढे काम एकच होतं : आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि कसं जगावं याचा आदर्श लोकांपुढे ठेवायचा.

हे वाचून एखाद्या शाळकरी बोधकथेची आठवण होईल. पण 'अल्टिमा ४' उपदेश जवळजवळ करतच नाही. चांगलं वागणं म्हणजे काय, हे तो खेळाच्या नियमांत विणून ठेवतो आणि आपलं लक्ष नसतं अशा क्षणी आपली परीक्षा घेतो. संगणक-खेळ ही विचार मांडण्याची एक स्वतंत्र रीत आहे असं मी मानतो, आणि कुणी पुरावा मागितला तर पहिलं नाव याच खेळाचं घेतो. चाळीस वर्षांनंतरही तो मुळापासून समजून घ्यावा असा आहे.

तक्रारीच्या पत्रांतून उगवलेला खेळ

या खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट. जन्म १९६१चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. पण तो वाढला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळ. वडील ओवेन गॅरियट 'नासा'चे अंतराळवीर. १९७३ मध्ये ते स्कायलॅब अवकाशस्थानकावर राहून आले होते. पुढे २००८ मध्ये रिचर्डही स्वतःच्या खर्चाने आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर जाऊन आला. शाळेत असताना मात्र त्याला वेड होतं ते टोल्किनच्या कादंबऱ्यांचं आणि १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळाचं. शाळेत एक टेलिटाइप यंत्र होतं. त्याला पडदा नव्हता, उत्तर कागदावर छापून येई. त्या यंत्रावर त्याने स्वतःच शिकत शिकत एकामागून एक २८ खेळ लिहिले. त्यातल्या शेवटच्या खेळावरून १९७९ मध्ये ॲपल २ संगणकासाठी 'अकालाबेथ' तयार झाला. संगणकाच्या दुकानात उन्हाळी नोकरी करताना त्याने या खेळाच्या डिस्का प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून विकायला ठेवल्या होत्या. तिथून एका प्रकाशकाच्या हाती तो पडला आणि गॅरियटचं नाव झालं.

त्यानंतर १९८१ मध्ये 'अल्टिमा', १९८२ मध्ये दुसरा आणि १९८३ मध्ये तिसरा भाग आला. तिन्ही भागांत एकेक खलनायक होता : मोंडेन, मिनॅक्स आणि एक्झोडस. तिसऱ्या भागापासून गॅरियटने भाऊ रॉबर्ट याच्यासोबत 'ओरिजिन सिस्टिम्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि खेळणाऱ्यांची पत्रं थेट त्याच्या हाती येऊ लागली. ती वाचून तो विचारात पडला. लोकांनी खेळ जिंकला होता, पण कसा? दुकानं लुटून, पहारेकऱ्यांना ठार करून, गावंच्या गावं साफ करून. यात त्यांचा दोष तरी काय होता? खेळात चोरीला नफा होता, शिक्षा नव्हती. पहिल्या भागात तर राजकन्येला कोठडीतून सोडवायचं म्हटलं की किल्ली मिळवण्यासाठी किल्ल्यातल्या विदूषकाला मारावं लागे. नायक म्हणून जो मिरवत होता, त्याची करणी दरोडेखोराची होती. त्याच काळात अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' मुलांना बिघडवतो अशी ओरड चालू होती आणि काही पालकांनी गॅरियटलाही रागाची पत्रं पाठवली.

त्याने त्यावर बचाव केला नाही, की धार्मिक मंडळींना खूश करणारा गुळगुळीत खेळही काढला नाही. पुढच्या खेळावर त्याने जवळजवळ दोन वर्षं घालवली आणि स्वतःपुढे एकच प्रश्न ठेवला : नायक खरोखर नायकासारखा वागला तरच जिंकेल, असा खेळ रचता येईल का?

जिप्सी बाईची गाडी

इतर खेळांत सुरुवातीला आपण पात्र 'बनवतो'. योद्धा हवा की मांत्रिक हे निवडतो, ताकद आणि चपळाईचे आकडे ठरवतो. 'अल्टिमा ४'मध्ये मात्र आपण आपणच असतो. आजच्या जगातला एक माणूस दगडांच्या वर्तुळापाशी पोचतो, तिथे एक दार उघडतं, पलीकडे जत्रा भरलेली असते आणि जत्रेत एका जिप्सी बाईची गाडी उभी असते. ती पत्ते मांडते आणि आपल्याला सात प्रश्न विचारते.

प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर उभे असतात. न मोजलेल्या नाण्यांची थैली तुमच्यावर विश्वासाने सोपवली आहे आणि वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोचवाल, की कुणाच्या लक्षात येणार नाही असं एक नाणं त्याला द्याल? वीस वर्षांनी मित्रांचा खुनी सापडला आहे, पण एका लहान मुलीला त्याच्याशिवाय आधार नाही. त्याला माफ कराल की न्याय कराल? चूक उत्तर कुठेच नाही. आठ गुण पहिल्या चार प्रश्नांत एकमेकांशी भिडतात, त्यातले चार उरतात. मग दोन, मग एक. जो गुण शेवटी टिकतो, त्यावरून आपण कोण आणि कुठल्या गावी उतरणार हे ठरतं. करुणा टिकली तर आपण भाट होऊन ब्रिटन शहरात उतरतो, शौर्य टिकलं तर लढवय्या होऊन जेलोममध्ये.

ही केवळ सजावट नव्हे. हे प्रश्न प्रामाणिकपणे सोडवले तर उठताना आपल्याला आपल्याबद्दल काहीतरी कळलेलं असतं : करुणा आणि न्याय यांतलं एकच मिळणार असेल, तर आपला हात कुठे वळतो. आकडे ठरवून बनवलेल्या पात्राच्या मागे लपता येतं. इथे तो आडोसा पहिल्या पाच मिनिटांतच काढून घेतला जातो.

ब्रिटानिया : वहीत उतरणारं जग

गाडीतून उतरलो की समोर ब्रिटानिया. नकाशा २५६ गुणिले २५६ चौकटींचा, म्हणजे ६५ हजारांहून अधिक. त्या काळच्या ॲपल संगणकाची सगळी स्मृती ६४ केबी. एका चौकटीला एक बाइट धरला तर नुसत्या नकाशानेच ती भरून जावी. म्हणून आसपासचा तेवढाच तुकडा फ्लॉपीवरून उचलायचा आणि मागे पडलेला सोडून द्यायचा, अशी युक्ती गॅरियटने वापरली. गावात शिरताना, तळघरात उतरताना फ्लॉपी बदलावी लागे.

खोक्यात फ्लॉपींबरोबर आणखी ऐवज असे : कापडावर छापलेला नकाशा, धातूचा छोटा 'आंख' म्हणजे प्राचीन इजिप्तमधलं जीवनचिन्ह, देशाचा इतिहास सांगणारं एक पुस्तक आणि मंत्रविद्येचं दुसरं. नकाशावरची नावं रून लिपीत होती, ती अक्षरं लावून वाचावी लागत. वनस्पतींची आणि मंत्रांची माहितीही या पुस्तकांतच होती. थोडक्यात, खेळाचा काही भाग पडद्यावर आणि काही आपल्या टेबलावर पसरलेला असे.

ब्रिटानियाच्या आकाशात ट्रॅमेल आणि फेलुका असे दोन चंद्र आहेत. प्रत्येकाच्या आठ कला आहेत. त्या कलांप्रमाणे जमिनीवर निळी चंद्रदारं उगवतात : ट्रॅमेलच्या कलेवरून दार कुठे उघडेल ते ठरतं आणि फेलुकाच्या कलेवरून ते कुठे नेऊन सोडेल ते. हे गणित खेळ समजावत नाही. दोन-चारदा भलत्याच बेटावर जाऊन पडलं की आपणच तक्ता मांडायला बसतो.

माणसांशी बोलण्याची पद्धतही आगळी. तयार वाक्यांची यादी समोर येत नाही. आपण शब्द टाइप करायचा. नाव विचारायचं, काम विचारायचं, प्रकृती विचारायची. उत्तरात एखादा नवा शब्द आला की तो धरून पुढचा प्रश्न करायचा. एका गावातला पोरगा म्हणतो, अमुक गोष्ट तमक्या गावच्या अमक्याला ठाऊक आहे. ते गाव समुद्रापलीकडे असतं. तिथे पोचेपर्यंत नाव विसरलं तर मागे फिरा. म्हणून हा खेळ वहीशिवाय होत नाही. आज खेळात पुढचं ठिकाण बाणाने दाखवलेलं असतं. इथे बाण नाही, तर कुणी काय सांगितलं याकडे कान देणं हीच प्रगती. ऐकून घेण्याची ही सक्ती सद्गुणांच्या विषयाला फार शोभते.

तीन तत्त्वं, आठ गुण

गॅरियटची नीती मोजक्या पायावर उभी आहे : सत्य, प्रेम आणि धैर्य. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या बुद्धी, हृदय आणि हिंमत शोधणाऱ्या तीन सोबत्यांशी या त्रयीचं नातं आहे, हे त्यानेच सांगितलं आहे. या तिघांच्या जुळण्यांतून आठ गुण निघतात. नुसत्या सत्यातून प्रामाणिकपणा, नुसत्या प्रेमातून करुणा, नुसत्या धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. सत्य आणि धैर्य मिळून इमान, म्हणजे दिल्या शब्दाला जागणं. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. आणि तिन्हींपैकी एकही नाही, तिथे विनम्रता.

तीन गोष्टींच्या जुळण्या आठच होतात, हे गणित झालं. पण या मांडणीत विचारही आहे. न्याय हा सत्य आणि प्रेम यांचा मिलाफ मानला, म्हणजे प्रेमाशिवायचं सत्य न्यायाला पुरत नाही असं म्हणणं आलं. त्यागाला धैर्य लागतं, केवळ कळवळा पुरेसा नाही, हेही आलं. वाद घालावा अशी ही विधानं आहेत आणि ती भाषणातून नव्हे, तर कोष्टकातून केलेली आहेत.

प्रत्येक गुणाला एक गाव, एक मंदिर, एक रून, एक मंत्र, एक रंगीत मणी आणि एक सोबती आहे. आणि बहुतेक गुणांसमोर त्यांच्या उलट्या अंगाचं एक भुयार. प्रामाणिकपणासमोर कपटाचं भुयार, न्यायासमोर अन्यायाचं, त्यागासमोर हावेचं. मंत्रांत 'ओम'ही आहे, शीर्षकात 'अवतार' आहे, हातात इजिप्तचं चिन्ह आहे, गावांत युरोपातल्या सरदारांचे रिवाज आहेत. कुठल्याही एका परंपरेचं तत्त्वज्ञान या खेळात शोधू नये. चोविशीही न उलटलेल्या एका तरुणाने जगभरातून जे भावलं ते घेऊन स्वतःची जुळणी केली, आणि ती आतून सुसंगत राखली.

न दिसणारा हिशेब

खेळाचं खरं काळीज इथे आहे. प्रत्येक गुणासाठी संगणक आतल्या आत ० ते ९९ असा आकडा ठेवतो. तो पडद्यावर कधीही दिसत नाही. कुठल्या कृतीने तो वाढला, कुठल्या कृतीने उतरला, हेही बहुतेक वेळा सांगितलं जात नाही.

जादूसाठी लागणारी गंधक, लसूण, कोळ्याचं जाळं अशी सामग्री विकणाऱ्या बायका आंधळ्या आहेत. त्या किंमत सांगतात आणि नाणी मोजून ठेवायला आपल्यालाच सांगतात. कमी ठेवली तरी माल मिळतो. कुणी ओरडत नाही, पहारेकरी येत नाहीत, खेळ पुढे चालू राहतो. फक्त आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा खाली येतो आणि सोबत इतरही गुण झिजतात. सुरुवातीला खिशात चार नाणी असतात, सामग्री महाग वाटते, तेव्हा हा मोह खरा असतो.

तसंच बाकीचं. गावातल्या पेटीतलं सोनं उचललं तर ती चोरी. भिकाऱ्याला दिलं तर करुणा. वैद्याकडे गेलं की तो कधी कधी रक्तदान कराल का असं विचारतो. होकार दिला तर शंभर अंकांनी जीव घटतो आणि त्याग वाढतो. राक्षसासमोरून पळ काढला तर शौर्य उतरतं. पण सापासारखा प्राणी दुष्टपणाने हल्ला करत नाही, तो भुकेने येतो. तो जखमी होऊन पळू लागला तर त्याला जाऊ द्यायचं. पाठलाग करून मारलं तर करुणा आणि न्याय दोन्हींना धक्का. शत्रू समोर असताना हा फरक करणं म्हणजे प्रत्येक लढाईत क्षणभर थांबून समोरच्याला नीट पाहणं.

सर्वांत बारीक सापळा विनम्रतेचा. कुणी गप्पांच्या ओघात विचारतं, तू सगळ्यांत थोर योद्धा आहेस का? एवढी संकटं पार करून आलेला खेळाडू सहज 'हो' म्हणून जातो आणि विनम्रता घसरते.

आपण कुठवर आलो हे जाणण्याचा एकच मार्ग आहे : राजाच्या किल्ल्यातला हॉकविंड नावाचा द्रष्टा. त्याला एखाद्या गुणाबद्दल विचारावं, तो शब्दांत सांगतो. अजून फार दूर आहेस, बरा चालला आहेस, आता मंदिरात जा. आकडा तोही देत नाही.

हा हिशेब झाकलेला का ठेवला? कारण आकडा दिसला की माणूस सौदा करतो. अमुक केलं तर उणे पाच, मग तमुक करून अधिक पाच मिळवू. कुठली कृती मोजली जाते हेच माहीत नसेल, तर सौदा जमत नाही. मग शहाणपणाचा एकच रस्ता उरतो : सगळीकडेच नीट वागायचं, कुणी पाहत असो वा नसो. एका साध्या तांत्रिक निर्णयातून सचोटीची इतकी नेमकी व्याख्या निघावी, हे मला या खेळातलं सर्वांत मोठं यश वाटतं.

एक अष्टमांश मिळवणं आणि गमावणं

गुण पूर्णत्वाला गेला की त्याच्या मंदिरात जायचं. आधी त्या गुणाचा रून शोधलेला हवा, मंत्र ठाऊक हवा. तीन आवर्तनं ध्यान करायचं. गुण खरोखर मुरला असेल तर आपण त्या गुणापुरते 'अवतार' होतो, आठांतला एक भाग पदरात पडतो आणि एक दृष्टांत दिसतो : एक चिन्ह. ते वहीत उतरवून ठेवायचं, कारण शेवटी तेच कामाला येतं.

इथे खेळाने आणखी एक कठोर नियम ठेवला आहे. मिळालेला अष्टमांश कायमचा नसतो. पूर्णत्वानंतर एखाद्या दुकानात हातचलाखी केली की खेळ कळवतो, तू एक भाग गमावलास. पुन्हा सगळी वाट चालायची. इतर खेळांत चढलेली पायरी उतरत नाही. इथे वागणुकीची पायरी मात्र रोज राखावी लागते.

आठ सोबत्यांतला आपल्या पेशाचा सोडून उरलेल्या सातही जणांना बरोबर घेतल्याशिवाय शेवटचं दार उघडत नाही. त्यात कत्रिना नावाची मेंढपाळ आहे. मेंढपाळ हा या खेळातला सर्वांत दुबळा पेशा. त्याला धड शस्त्रंही चालत नाहीत. ती राहते मॅजिन्शिया गावात. हे गाव विनम्रतेचं, पण तिथल्या लोकांना कधीकाळी गर्व चढला आणि गाव उद्ध्वस्त झालं. आता तिथे भुतं आणि राक्षस फिरतात. जिप्सी बाईच्या प्रश्नांतून ज्याची विनम्रता टिकते, त्याची सुरुवात इथूनच होते : अंगात बळ नाही, आसपास गजबजलेलं शहर नाही, आधाराला कुणी नाही. विनम्रतेच्या वाटेला गॅरियटने कसलीही सवलत ठेवलेली नाही.

बळाच्या मोहाचीही एक कसोटी आहे. पहिल्या भागातला खलनायक मोंडेन याची कवटी समुद्रात एका ठिकाणी सापडते. ती वापरली की भोवतालचे सगळे जीव क्षणात मरतात. खेळातलं याहून जबर शस्त्र दुसरं नाही. वापरणाऱ्याचे सगळे गुण मात्र धुळीला मिळतात. ती खेळाच्या शेवटी लागणाऱ्या अथांग भुयाराच्या मुखाशी नेऊन नष्ट करणं हाच तिचा योग्य उपयोग.

अथांग भुयारात

सहा रंगीत मणी भुयारांत मिळतात. पांढरा मणी चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या जागी आहे. तिथे फुग्यातून उडत जावं लागतं आणि फुगा वाऱ्याच्या मर्जीवर, म्हणून वाऱ्याची दिशा बदलणारा मंत्र हवा. काळा मणी चंद्रांच्या अमावास्येलाच सापडतो. मणी वापरून किल्लीचे तीन भाग मिळवायचे, तीन गडांतून परवलीच्या शब्दाचे तीन तुकडे जमवायचे, घंटा, ग्रंथ आणि मेणबत्ती शोधायची आणि मग स्टिजियन अथांगात उतरायचं.

आठ मजल्यांच्या या भुयारात लढाया भरपूर आहेत, पण तळाशी वाट अडवून बसलेला कुणी महाराक्षस नाही. तिथे प्रश्न आहेत. सत्य आणि प्रेम मिळून कोणता गुण होतो? तिन्ही मिळून कोणता? एकही नसताना कोणता? आणि शेवटी, या सगळ्याच्या मुळाशी असलेलं एकच तत्त्व कोणतं? त्याचं उत्तर आठ मंदिरांतल्या आठ चिन्हांतून जुळवायचं असतं. ते मी इथे देत नाही. स्वतः जुळवण्यात जो आनंद आहे तो कुणाचा हिरावू नये. चुकलं की भुयाराबाहेर. बरोबर आलं की परमज्ञानाच्या ग्रंथाचं दर्शन होतं आणि खेळ सांगतो की ही वाट इथे संपत नाही. आता आपल्या जगात परत जा. आपण पुन्हा त्या दगडांच्या वर्तुळापाशी, आपल्याच जगात उभे असतो.

उणिवा, आणि कर्त्याने स्वतःच दिलेली उत्तरं

या खेळावर घेतला जाणारा मोठा आक्षेप खरा आहे. गुणांसाठी केलेलं चांगलं काम चांगलं कसं? भिकाऱ्याला एकेक नाणं देत राहिलं तरी करुणा वाढते, हे ज्याच्या लक्षात येतं तो कळवळ्याशिवायही करुणेचा धनी होऊ शकतो. संताची वाट दाखवणाऱ्या खेळात वेळेचा मोठा भाग राक्षस मारण्यातच जातो, हीही विसंगती आहे. यंत्राला कृती दिसते, हेतू दिसत नाही. ही मर्यादा १९८५च्या संगणकाची होती तेवढीच नीती मोजू पाहणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेचीही आहे.

गॅरियटने हे प्रश्न टाळले नाहीत, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. १९८८च्या पाचव्या भागात राजा बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाचा कारभारी गादी चालवतो आहे. त्याने त्याच आठ गुणांचे कायदे केले आहेत : खोटं बोलणाऱ्याची जीभ छाटायची, निम्मी मिळकत दानात न देणाऱ्याची सगळी मिळकत काढून घ्यायची. शब्द तेच, गुणही तेच, पण सक्ती येताच त्यांचा जुलूम झाला. चौथ्या भागात जो आदर्श म्हणून मिरवला, तो सत्तेच्या हातात गेला तर काय होईल हे त्याच लेखकाने तीन वर्षांत दाखवलं.

१९९०चा सहावा भाग त्याहून पुढे गेला. पंखवाले गार्गॉइल ब्रिटानियावर चालून येतात. आपण त्यांना नेहमीचे राक्षस समजून लढतो. हळूहळू कळतं की त्यांना भाषा आहे, धर्म आहे, संयम, उत्कटता आणि चिकाटी या तीन तत्त्वांवर उभी असलेली त्यांची स्वतःची नीती आहे. चौथ्या भागात आपण ज्या ग्रंथापर्यंत पोचलो, तो वर आणताना त्यांची भूमी ढासळू लागली. म्हणून त्यांच्या लेखी अवतार म्हणजे खोटा प्रेषित. आपल्या सद्गुणांची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली असेल, हा विचार लोकप्रिय खेळात इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच आला असेल. म्हणून चौथा, पाचवा आणि सहावा भाग एका दमात वाचावा अशा तीन खंडांसारखे खेळावेत.

पुढचे आणि आजचे

'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या दोन अमेरिकी मालिकांपासून प्रेरणा घेऊन जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि तिथल्या रोल-प्लेइंग खेळांची परंपरा रुजली. 'फॉलआउट'मधलं कर्म, 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मधली उजेड आणि अंधाराची बाजू, 'फेबल'मधला सज्जन-दुर्जनाचा तराजू या साऱ्यांची मुळं ब्रिटानियात सापडतात. यातल्या बऱ्याच खेळांनी हिशेब मात्र खेळाडूपुढे उघडा मांडला आणि त्याबरोबर सौदाही परत आला. कुणालाही न मारता पार करता येणारा २०१५चा 'अंडरटेल' मला गॅरियटच्या विचाराचा अधिक जवळचा वारस वाटतो. १९९६ मध्ये 'कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' या अमेरिकी मासिकाने सर्वोत्तम खेळांची यादी केली, तेव्हा 'अल्टिमा ४'ला दुसरं स्थान दिलं होतं.

आज हा खेळ 'गॉग' या संकेतस्थळावर मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवरही चालतो. चित्रं ठोकळ्यांची आहेत, इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पहिले दोन-तीन तास काहीच उमगत नाही. ज्यांना खेळायचा आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. सोबतची दोन्ही पुस्तकं आधी वाचा. ती खेळाचाच भाग आहेत. नकाशा छापून भिंतीवर लावा. वही घ्या आणि प्रत्येक गावाला एक पान द्या. जिप्सी बाईला खरी उत्तरं द्या, सोयीची नव्हे. आणि तयार उत्तरांची पानं उघडू नका, निदान पहिल्या खेपेला तरी नको. त्यांत कुठल्या कृतीला किती गुण मिळतात याचे तक्ते असतात. तो तक्ता एकदा पाहिला की आंधळ्या विक्रेतीपुढे नाणी मोजताना तुमची निवड उरत नाही, फक्त गणित उरतं. आणि हा खेळ ज्या गोष्टीसाठी रचला गेला, ती तुमच्या हातून निसटते.